आईचे गुडघे आणि चौऱ्याहत्तर हजार माइल्स

पत्र असं आहे :

ताई, नमस्कार. मी सांगलीचा, बेदाण्याचा व्यापारी. धंद्यामुळे वर्षातून तीन-चारदा दुबईला जाणं होतं. नेहमी एकाच विमान कंपनीने जातो आणि क्रेडिट कार्डाचे पॉइंट्सही तिकडेच वळवत आलो. आठ वर्षांत ८६,००० माइल्स, म्हणजे कंपनी प्रवासावर देते ते पॉइंट्स, साठलेत, स्क्रीनशॉट जोडलाय. धाकटी बहीण न्यू जर्सीला असते. आई अडुसष्टची, दोन्ही गुडघे गेलेत, ऑपरेशनला तयार नाही, पण नातीला बघायचंय. ऑक्टोबरात मी तिला दुबईमार्गे घेऊन जाणार. मनात आहे की निदान तिला तरी बिझनेस क्लासमध्ये आडवं झोपवून न्यावं. एजंट म्हणतो, "सगळ्यात स्वस्त तिकीट काढा, माइल्स आहेतच, विमानतळावर अपग्रेड करून घेऊ. नाहीच झालं तर इमर्जन्सी दरवाजाजवळची सीट देतो, पाय लांब होतील." बायको म्हणते, अपग्रेड कशाला, तेवढ्यात एक तिकीट फुकट येईल. आणि आई म्हणते, "मी पुढं आणि तू मागं, हे मला जमायचं नाही. तेवढ्यात तोळाभर सोनं होईल." कुणाचं ऐकू?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

नमस्कार.

कुणाचं ऐकायचं नाही ते आधी सांगते. एजंटचं.

माणूस वाईट असेल असं म्हणत नाही. साताऱ्यात पोवई नाक्यावर बावीस वर्षं मी स्वतः तिकिटाचं काउंटर चालवलं, त्यामुळे "विमानतळावर बघू" हे वाक्य कधी तोंडातून निघतं ते मला पक्कं ठाऊक आहे. गिऱ्हाईक दाराकडे वळायला लागलं की निघतं. स्वस्त तिकीट पटकन विकलं जातं आणि पुढचं निस्तरायला एजंट विमानतळावर नसतो.

माइल्स किती आहेत याला अपग्रेडमध्ये, म्हणजे वरच्या वर्गातली सीट मिळण्यात, दुसरा नंबर. पहिला नंबर तिकिटाच्या जातीचा. तुमचं दुबईचं एखादं जुनं ई-तिकीट काढा. 'क्लास' या शब्दापुढे किंवा विमानाच्या नंबराशेजारी एक अक्षर छापलेलं असतं. वाय, बी, एम, के, एल, टी, असं काहीही. सगळे बसतात एकाच इकॉनॉमीत, चहाही तोच, पण एका विमानातल्या इकॉनॉमीत अशा दहा-बारा जाती असतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर शेड एकच, पण एक नंबर, दोन नंबर आणि काळा असा माल वेगळा लावलेला. वाय म्हणजे पूर्ण भाड्याचं महागडं तिकीट. तळातल्या अक्षरांची जी स्वस्त तिकिटं असतात, त्यांवर कित्येक कंपन्या माइल्सने अपग्रेड देतच नाहीत, किंवा देतात पण त्याच सीटसाठी जास्त माइल्स कापतात. हल्ली अक्षरांऐवजी सेव्हर, फ्लेक्स अशी नावं पुढे केलेली असतात, आतला हिशेब तोच. टूर कंपन्यांच्या गटाच्या भाड्यात काढलेली तिकिटं तर बहुतेक ठिकाणी यातून बादच असतात, आणि एजंटकडचं 'खास स्वस्त' तिकीट पुष्कळदा त्याच गठ्ठ्यातलं असतं.

म्हणून तिकीट काढायच्या आधी कंपनीलाच फोन करा किंवा त्यांच्या साइटवर तुमच्या खात्यात शिरून बघा. विचारायचं एवढंच : या तारखेला, या विमानात, या भाड्याच्या तिकिटावर माइल्सने अपग्रेड होतं का, किती माइल्स आणि वर रोख किती. उत्तर मिळेपर्यंत एजंटला एक रुपया देऊ नका. सेव्हर आणि फ्लेक्समध्ये पंधरा-वीस हजारांचा फरक निघाला, तर तो आईच्या तिकिटापुरता भरा. तुमचं तिकीट खुशाल स्वस्तातलं काढा. दोघांचं भाडं एकच असावं असा काही नियम नाही. हे एजंट सांगत नाहीत, कारण दोन वेगळी तिकिटं करायला दुप्पट वेळ लागतो.

इमर्जन्सी दरवाजाच्या सीटचं तर विसराच. त्या सीटवर बसणाऱ्याला वेळ पडली तर दरवाजा उघडायला मदत करावी लागते, म्हणून ती धडधाकट माणसालाच मिळते. व्हीलचेअर मागितलेल्या अडुसष्ट वर्षांच्या बाईला तिथे बसवत नाहीत. तिकिटावर सीट नंबर छापून आला तरी विमानात उठवतात, आणि मग मधली कुठली तरी सीट नशिबी येते.

आता तुमचा स्क्रीनशॉट. मी तो मोठा करून बघितला. तुम्ही दोन आकडे एकत्र मिळवलेत. वरचे ७४,००० खर्चायचे माइल्स आहेत. खालचे १२,००० टिअरचे, म्हणजे तुम्ही सिल्व्हर की गोल्ड ते ठरवणारे. ते दाखवायचे दात. त्यांतून काही विकत येत नाही. ही चूक एकट्या तुमची नाही, काउंटरवर दर महिन्याला एक तरी माणूस दोन्हींची बेरीज करून यायचा. म्हणजे हातात चौऱ्याहत्तर हजार. त्यांच्याखाली बारीक राखाडी अक्षरात आणखी एक ओळ आहे : ९,४०० माइल्स ३१ ऑगस्टला संपतात.

ती ओळ तुम्ही वाचलेली दिसत नाही. आठ वर्षांत साठवले म्हणता, पण पहिल्या पाच वर्षांतले बरेचसे मुकाट्याने कधीच गेले असणार. एमिरेट्सच्या स्कायवर्ड्समध्ये माइल्स साधारण तीन वर्षं टिकतात आणि तुमच्या जन्ममहिन्याच्या शेवटी संपतात. सिंगापूर एअरलाइन्सचेही तीनच वर्षं. काही अमेरिकन कंपन्यांचे, उदाहरणार्थ डेल्टा आणि युनायटेडचे, मुदतीने संपत नाहीत, पण त्यांचा दर कधीही पाडला जातो. बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवून तुम्ही भावाची वाट बघू शकता, कारण माल तुमचा असतो आणि सौद्यात बोली लावणारे दहा जण असतात. इथे मालही कंपनीचा, तराजूही कंपनीचा आणि बोली लावणारी एकटी कंपनीच. काल पन्नास हजारांत येणारी सीट उद्या सत्तर हजारांची केली, तर तुम्ही कुणाकडे तक्रारही करू शकत नाही. कंपनीच बसली तर आणखी वाईट. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. जेटच्या माइल्सचा कार्यक्रम वेगळ्या कंपनीचा होता म्हणून पुढे इंटरमाइल्स नावाने चालू राहिला, पण ज्या विमानात पुढे जाऊन बसायचं ते विमानच उरलं नव्हतं.

(माइल्सची ही भानगड सुरू झाली ती १ मे १९८१ ला, अमेरिकन एअरलाइन्सपासून. तारीख महाराष्ट्र दिनाची असल्यामुळे माझ्या डोक्यात बसलीय, एरवी मला तारखा राहत नाहीत.)

दिलासा एवढाच की माइल्सची मुदत बहुतेक ठिकाणी वापरायच्या दिवशी बघतात, उडायच्या दिवशी नाही. ऑक्टोबरचं अपग्रेड ऑगस्ट संपायच्या आत पक्कं होऊन माइल्स कापले गेले, तर ते ९,४०० कामी आले. आणि तोवर कार्डाचे पॉइंट्स तिकडे वळवणं थांबवा. एकदा कार्डातून विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट्स परत येत नाहीत. सीट दिसली, चार-पाच हजार कमी पडतायत असं कळलं, की मगच तेवढे वळवायचे.

सीट दिसली म्हणते त्याचाही खुलासा करायला हवा. साइटवर बिझनेस क्लासच्या नकाशात वीस सीट रिकाम्या दिसतील. त्या सगळ्या तुमच्यासाठी नसतात. माइल्सवाल्यांसाठी कंपनी त्यांतल्या दोन-चार वेगळ्या काढते, कधी एकही काढत नाही, आणि बाकीच्या रोख गिऱ्हाइकाची वाट बघत शेवटपर्यंत रिकाम्या ठेवते. तुमच्या घरी पुढे कोण बसणार यावरून वाद चाललाय, आणि ती सीट अजून कुणी दाखवलेलीही नाही. बाजारात तुरी म्हणतात तशातली गत. तारीख दोन-चार दिवस मागेपुढे करायची तयारी ठेवा. ऑक्टोबरात दिवाळीच्या तोंडावरचे शुक्रवार-शनिवार टाळा आणि मंगळवार-बुधवार बघा. वेटिंगला टाकलेलं अपग्रेड शेवटच्या दिवशीही निघतं, पण ज्या माणसाचे गुडघे त्यावर अवलंबून आहेत त्याला वेटिंगवर घरातून बाहेर काढू नये.

आणखी दोन गोष्टी फोनवरच विचारून घ्या. विमान त्याच कंपनीचं आहे ना? तिकिटावर एका कंपनीचा नंबर आणि प्रत्यक्षात विमान दुसऱ्याच कंपनीचं, असं पुष्कळदा असतं. अशा विमानात तुमचे माइल्स अपग्रेडला बहुधा चालत नाहीत. दुसरं, त्या विमानात प्रीमियम इकॉनॉमी आहे का? काही कंपन्या माइल्सवर एकच पायरी चढू देतात. प्रीमियम इकॉनॉमी असली की इकॉनॉमीवाल्याला तेवढीच मिळते. तिथे खुर्ची जरा रुंद असते, पाठ जरा जास्त मागे जाते, पण आडवं होता येत नाही. तुमच्या आईसाठी त्यात एवढे माइल्स घालवू नका. आणि बिझनेस म्हणजे सपाट पलंगच असंही नाही. काही जुन्या विमानांत ती खुर्ची तिरपी होऊन थांबते आणि माणूस रात्रभर खाली घसरत राहतो.

चौऱ्याहत्तर हजारांत दोघांचं जाणं-येणं होणार नाही, हे तुम्हीही ओळखलं असेल. माझा अंदाज, एका माणसाचा एका बाजूचा लांबचा टप्पा तेवढा जमेल. तर तेवढाच घ्या. मुंबई-दुबई जेमतेम तीन तासांचं. त्यावर एक माइल घालवू नका. दुबई-न्यू यॉर्क चौदा तासांच्या घरात. अपग्रेड टप्प्यागणिक मागता येतं. न विचारता 'संपूर्ण प्रवास' असं बटण दाबलंत, तर तीन तासांच्या खुर्चीसाठीही माइल्स कापले जातील.

जातानाचं घ्यायचं की येतानाचं, हे तुम्ही विचारलेलं नाहीत, पण मला त्यातच खरी गोम वाटते. एरवी मी येतानाचं सुचवते. तिकडून निघणारं विमान पुष्कळदा रात्रीचं असतं आणि झोप लागते. पण तुमच्या आईचा प्रवास मुंबईला सुरू होत नाही, सांगलीला होतो. विश्रामबागेतून निघून पेठ नाका, कऱ्हाड, सातारा, खंबाटकी, पुणे, एक्सप्रेसवे असे आठ-नऊ तास गुडघे दुमडून गाडीत. मग विमानतळावर तीन तास. मग दुबईचे तीन. मग दुबईत थांबणं. आणि त्यानंतर चौदा तास. त्या चौदा तासांच्या दारात उभ्या असताना आईच्या पायांचे खांब झालेले असणार. म्हणून जातानाचाच लांब टप्पा घ्या. परतीला मुंबईत उतरल्यावर पनवेल-पुण्याकडे नातेवाईकांत एक रात्र थांबता येतं. जातानाही खरं तर आदल्या दिवशीच पुण्यापर्यंत या. नाहीच जमलं तर साताऱ्याला गाडी थांबवून दहा मिनिटं तिला चालवा, नुसता चहा गाडीत मागवून देऊ नका.

आता वहिनींचा मुद्दा. त्या अडाणी हिशेब करत नाहीयेत, फक्त भाव काढून बघायला हवा. समजा, हे नुसतं समजा, त्या टप्प्याच्या इकॉनॉमी आणि बिझनेसच्या भाड्यात ९०,००० चा फरक आहे, अपग्रेडला ६०,००० माइल्स लागतात आणि वर कर वगैरे १२,००० रोख. ७८,००० भागिले ६०,०००, म्हणजे माइलला एक रुपया तीस पैसे सुटले. त्याच माइल्सवर इकॉनॉमीचं 'फुकट' तिकीट घेतलं, भाडं ४५,००० चं, माइल्स ५०,००० आणि अधिभार-कर मिळून १८,००० रोख, तर २७,००० भागिले ५०,०००, माइलला चौपन्न पैसे. फुकट तिकीट फुकट नसतं ते असं. कंपनी मूळ भाडं माफ करते, बाकीचं सगळं वसूल करते. तुमचे खरे आकडे घालून वहिनींसमोर कागदावर मांडा. त्या मात्र एक गोष्ट विचारतील आणि ती बरोबर असेल : हा नव्वद हजारांचा फरक आपण खिशातून कधी दिला असता का? नसता. म्हणजे एक तीस हा कागदावरचा भाव आहे. खरा भाव आईच्या गुडघ्यांना विचारूनच लावावा लागेल. तरीही मी अपग्रेडच म्हणेन. फोन करून सीट नाहीच निघाली, तर मात्र वहिनींचं ऐका आणि ९,४०० वाया जाण्याआधी काहीतरी करून टाका. भांडी-बॅगा मिळतात त्या कॅटलॉगवर मात्र अजिबात नको. तिथे सगळ्यात कमी भाव मिळतो.

वरच्या रोख रकमेबद्दल थोडं. भारतातून काढलेल्या इकॉनॉमीच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे. बिझनेसवर तो १२ होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. वर्ग बदलला की करांतला फरक प्रवाशाकडून घेतला जातो, माइल्सने तो माफ होत नाही. तुमचा मार्ग लंडनवरून नाही ते बरं. तिथून निघताना ब्रिटनचं सरकार वरच्या वर्गाकडून जास्त प्रवासी कर घेतं, आणि माइल्सवाल्यालाही तो सुटत नाही.

खातं तुमचं आणि सीट आईची, हे बहुतेक कंपन्यांत चालतं, पण काही ठिकाणी आधी तिचं नाव खात्यावर नोंदवावं लागतं. सिंगापूर एअरलाइन्समध्ये अशी पाचच माणसं नोंदवता येतात. नाव नोंदवताना पासपोर्ट हातात घ्या. आपल्याकडे नवऱ्याचं नाव कधी पहिल्या नावाच्या रकान्यात जातं, कधी गाळलं जातं. पासपोर्टावर 'शालन बापूसाहेब', तिकिटावर नुसतं 'शालन', खात्यावर 'शालनताई' (नाव मी उदाहरणाला घेतलंय) असा घोळ झाला की संगणक त्यांना तीन बायका समजतो. आणि तिचं स्वतःचं खातं उघडायला पैसे पडत नाहीत. तिच्या प्रवासाचे माइल्स तिच्या खात्यात जातील. अपग्रेड झालं तरी ते विकत घेतलेल्या वर्गाचेच मिळतात, ते सोडा. बोर्डिंग पास मात्र टाकू नका. माइल्स जमा झाले नाहीत तर तोच पुरावा, आणि पुष्कळ कंपन्या सहा महिन्यांनंतर दावा घेत नाहीत.

पीएनआरबद्दल, म्हणजे बुकिंगच्या नंबराबद्दल, मी जरा जास्तच सांगणार आहे, कारण त्यावर मी हात पोळून घेतलेत. तुम्हा दोघांचं तिकीट एका पीएनआरवर असलं आणि अपग्रेड एकालाच द्यायचं असलं, की कंपनी तो पीएनआर फोडते. दोन वेगळे पीएनआर होतात आणि तिथून पुढे संगणकाच्या लेखी तुम्ही एकमेकांचे कोणी नसता. कऱ्हाडच्या एका नवरा-बायकोचं मी असं करून दिलं होतं. बायकोला पुढची सीट, साहेब मागे. निघायच्या दिवशी विमान रद्द झालं आणि संगणकाने बाईंना सकाळच्या विमानात टाकलं, साहेबांना रात्रीच्या. साहेबांचा मला पहाटे चार वाजता फोन. त्यांचं पहिलं वाक्य आजही आठवतं : "मॅडम, ही पुढं गेली ती गेलीच." तेव्हा फोनवर आवर्जून सांगा की दोन्ही पीएनआरना एकमेकांचा नंबर जोडून ठेवा. जोडल्याचं ते तोंडी सांगतील. ईमेल मागा.

आणि माझी स्वतःची गोष्ट. एकदा लंडनला जाताना माझंच अपग्रेड पक्कं झालं होतं. ऐनवेळी विमान बदललं, नव्या विमानात पुढच्या सीट कमी होत्या, आणि कापायची वेळ आल्यावर पहिली कापाकापी माइल्सवाल्यांची झाली. मी मागे, मधल्या सीटवर, दोन्ही बाजूंना झोपलेले पुरुष. माइल्स परत यायला चार महिने आणि तीन पत्रं लागली, तीही अपग्रेडची पावती जपून ठेवली होती म्हणून. कंपनीचं नाव सांगत नाही. तुमच्याबाबतीत असं होईल असं नाही. पण पक्क्या अपग्रेडचा कागद छापून पर्समध्ये ठेवा, आणि आईसाठी मागच्या बाजूची कडेची सीट आधीच निवडून ठेवा, म्हणजे परत यायची वेळ आली तर मधली पदरात पडणार नाही.

हे काहीच जमलं नाही तर? तुमच्याकडे असं एक हत्यार आहे जे माझ्या बऱ्याच गिऱ्हाइकांकडे नसायचं : दुबई तुमच्या पायाखालची. तिथे एक रात्र मोडा. आईच्या पासपोर्टावर अमेरिकेचा व्हिसा असणारच. तो किमान सहा महिने चालणार असेल तर दुबईत उतरल्यावर फी भरून चौदा दिवसांचा व्हिसा मिळतो. निघण्याआधी नियम एकदा तपासून घ्या. एक रात्र नीट पाठ टेकली, की दुसऱ्या दिवशीचे चौदा तास इकॉनॉमीतही निभतात. व्हीलचेअर तर कुठल्याही वर्गात मिळते, तिला पैसे पडत नाहीत. निघायच्या निदान दोन दिवस आधी मागा आणि जिना चढता येत नाही हेही सांगा. नुसती 'व्हीलचेअर' म्हटलं की चढउतार करता येते असं धरतात. पायांना सूज येत असेल तर डॉक्टरांना आवळ मोज्यांबद्दल विचारून घ्या. पुढच्या पलंगावर झोपली तरी अधूनमधून उठून चालायचं आहेच.

राहता राहिली आई. "मी पुढं आणि तू मागं" यात नुसता संकोच आहे असं मला वाटत नाही. थोडी भीतीही असावी. इंग्रजी बोलणाऱ्या पोरी, भिंतीत बटणं, शेजारी कोणी ओळखीचं नाही. दुबई-न्यू यॉर्कला डबलडेकर ए३८० असेल तर तिचा बिझनेस क्लास बहुधा वरच्या मजल्यावर असेल आणि तुम्ही खालच्या. वरचेवर जाऊन बघून येऊ, असं तिला वचन देऊ नका, ते तुम्हाला तिथे रेंगाळू देत नाहीत. त्याऐवजी व्हीलचेअरबरोबर तुम्हालाही आधी आत सोडायची विनंती करा. तिला सीटवर बसवा आणि पलंग सपाट करायचं बटण दोनदा तिच्याच बोटाने दाबून घ्या. एका कागदावर इंग्रजीत लिहून हवाईसुंदरीच्या हातात द्या : हिला इंग्रजी येत नाही, रात्रीची गोळी जेवणानंतर, उठताना हात द्या, मुलगा अमुक नंबरच्या सीटवर. हवाईसुंदरी निरोप आणतात, निदान चांगल्या तरी आणतात.

तोळाभर सोन्याचं तिला असं सांगा की हे माइल्स मोडून सोनं येत नाही. खरंच येत नाही. पैशाचा आकडा मात्र सांगू नका. माझ्या सासूबाईंना कुणीतरी सांगितला होता, तर त्या अख्खा प्रवास ताठ बसून राहिल्या, सीट खराब होऊ नये म्हणून.

तुमची,
ताई

ता. क. आई शाकाहारी असेल तर जेवण सांगताना 'हिंदू मील' चुकूनही म्हणू नका. विमानाच्या यादीत एचएनएमएल म्हणजे हिंदू मांसाहारी जेवण, त्यात गोमांस नसतं पण कोंबडी असू शकते. तुम्हाला हवं ते एव्हीएमएल, एशियन व्हेजिटेरियन. कांदा-लसूण चालत नसेल तर व्हीजेएमएल, जैन. आणि अपग्रेड झाल्यावर ते पुन्हा एकदा सांगा, पीएनआर फुटताना जेवणाची नोंद गळून पडते. भडंगाची एक पिशवी मात्र तुमच्याजवळ असू द्या.